बाहेरून जिना

जिना आतून घ्यायचा की बाहेरून, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी पुढे माझ्या लग्नावरूनही झाली नाहीत. आणि गंमत अशी, की ज्या जिन्यावरून ही भांडणं, त्या जिन्याने चढून जावं असं वर तेव्हा काहीच नव्हतं. वरचा मजला पुढेमागे व्हायचा होता. 'पुढंमागं' हा माझ्या बाबांचा लाडका शब्द. पुढंमागं वर चढवायचं झालं तर खाली कॉलम जाड पायजेत. पुढंमागं वर मोरी आली तर पाइप आताच सोडून ठेवा. हातात घेतलं होतं ते खालच्या जुन्या घराचं काम, पण सगळा विचार चालायचा तो वरच्या, अजून नसलेल्या घराचा. त्या एका शब्दात मी कशी गुंडाळली गेले ते सांगायला हे प्रकरण लिहिते आहे. वय वाढलं की राग निवतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचू नये. माझा निवलेला नाही.

आमचं घर भिवंडीत, टेमघरला. मागच्या भिंतीला भिंत लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना, त्यामुळे रात्रंदिवस खटाखट, खटाखट. शुक्रवारी सुट्टी असायची आणि त्या दिवशी आम्हाला दुपारी झोप लागायची नाही, इतकी त्या आवाजाची सवय. कापसाची तूस कुठूनही घरात यायची, दुधावर, लोणच्याच्या बरणीवर, बाबांच्या भुवयांवर. आई भाकरी थापताना मध्येच बोटाने एखादा धागा उचलून बाजूला टाकायची, तिच्या हाताला ते कळायचंही नाही. अशा घरात कोणी हळू बोलत नाही. पाणी मागायचं तरी ओरडून मागायचं. वज्रेश्वरीहून माझी आत्या यायची ती पहिले दोन दिवस विचारायची, "तुमी सगली सकालपास्नं भांडता कशाला?" भांडत नव्हतो, बोलत होतो. कानगोष्ट हा प्रकार आमच्याकडे होऊच शकत नाही असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

घरात माणसं तीन. बाबांचा टेंपो होता, लूमवरून कोऱ्या कापडाचे तागे उचलायचे आणि गोदामात टाकायचे, हे त्यांचं काम. आवाज असा की टेंपोला हॉर्न नसता तरी चाललं असतं. आई घरचं बघायची, आणि खाडीवरून सुकट-जवळा विकायला येणाऱ्या बायांशी तासभर घासाघीस करायची. तिसरी मी, जागृती, घरात जागू. माझ्यानंतर आईला मूल झालं नाही. याबद्दल आमच्यात कोणी काही बोलायचं नाही, पण कोणी पाहुणा आला की माझ्याकडे बघून आईकडे बघायचा. गल्लीत दोन घरं सोडून आप्पा राहायचे, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांना तीन मुलगे, त्यातला मधला कल्पेश माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. भाऊबीजेला मी त्यालाच ओवाळायचे. मला सख्खा भाऊ नाही ही गोष्ट त्याच्यामुळे मला फारशी जाणवली नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्याला शिव्या द्याल.

बारावी झाल्यावर मी ओटीवर क्लास सुरू केला होता. क्लास कसला, लूमवर काम करणाऱ्यांची पोरं गोळा करून बसायचे. कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी तेलुगू, आणि शाळा मराठी. मी मराठीतून सुरू करायची, हिंदीत समजवायची आणि शेवटी हातवारे करायची. पाढे म्हणताना आम्ही सगळे मिळून कारखान्याच्या वर आवाज चढवायचो, आणि सतराचा पाढा संपला की माझा घसा बसलेला असायचा. मला शिक्षिका व्हायचं होतं. डी.एड.चं बघत होते. पण त्याहून जवळचं असं एक स्वप्न होतं: चार भिंतींची एक खोली, जिच्यात मी शिकवीन, आणि ती खोली याच घरात असेल. एवढंच. सासरी जायची मला घाई नव्हती आणि बाबाही म्हणायचे, "माजी पोरगी मास्तरीन होनार, तिला कशाला कुठं पाठवू?"

घराचं काम काढायला कारण होतं रस्ता. दर दोन-तीन वर्षांनी नगरपालिका जुन्या डांबरावर नवं डांबर टाकायची, रस्ता वर यायचा आणि आमचं घर तेवढंच खाली जायचं. शेवटी शेवटी तर गल्लीतून आत यायला पायरी चढावी लागायची नाही, उतरावी लागायची. पावसात गटाराचं पाणी थेट ओटीवर. वर कौलं, तीही लूमच्या हादऱ्याने सरकायची. महिन्यातून एकदा बाबा वर चढून ती जागेवर बसवायचे. मग ठरलं, की जोतं उचलायचं, भिंती नव्या घ्यायच्या आणि कौलं काढून स्लॅब टाकायचा. काम दिलं मुनाफभाईंना. मुनाफभाई आमच्या ओळखीचे, भिवंडीतलेच, सफेद दाढी, तोंडात कायम वेलची. त्यांनी पहिल्याच दिवशी बाबांना विचारलं, "शेट, एकदाच सांगा. वर चढवायचंय की नाय? नंतर बोलाल मुनाफभाई, आता वर चढवा, तर मी खालचं तोडू काय?" बाबा म्हणाले, "पुढंमागं चढवायचंच हाय."

काम चालू असताना घरात राहणं काय असतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. आधी पुढची खोली तोडली, तेव्हा आम्ही मागच्या खोलीत. मग मागची तोडली, तेव्हा पुढच्या अर्धवट खोलीत, डोक्यावर ताडपत्री. स्वयंपाक ओटीच्या कोपऱ्यात स्टोव्हवर. बोंबलाच्या कालवणात रेती, वालाच्या बिरड्यात रेती, आई म्हणायची गुपचूप गिळा, दात कशाला लावता. चपला सापडायच्या नाहीत, मसाल्याचा डबा सिमेंटच्या गोणींमागे सापडायचा. माझा क्लास मात्र एकही दिवस बंद पडला नाही. पोरं विटांच्या ढिगावर बसायची आणि मी रेतीच्या ढिगाऱ्यावर बोटाने अक्षरं काढायची. रेतीवर बेरीज-वजाबाकी फार छान होते, चुकलं की हात फिरवला.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी बाबांनी मला हाक मारली. मागच्या खोलीचं छप्पर काढलेलं, जमीन मोकळी. त्यांनी विटेचा तुकडा घेतला आणि वरचा मजला कसा होईल ते खालच्याच जमिनीवर आखून दाखवलं. "ही पुढची खोली. खिडकी हितं, रस्त्याकडं. ही तुजी. हितं तुजा क्लास." मी विचारलं, "आणि फळा?" ते म्हणाले, "फला इकत कशाला आनायचा? भिंतीतच करून घेऊ. शिमिटाचा. वरून काला रंग मारला की झालं, तुज्या म्हातारपनापावत जानार न्हाय." मी त्या लाल चौकोनात जाऊन उभी राहिले. चालून बघितलं, वीस पोरं बसतील. बाबा कडेला उकिडवे बसून हसत होते. ते खोटं हसत होते का, हे मी इतक्या वर्षांत हजार वेळा आठवून बघितलं. मला तसं कुठेच दिसत नाही. तेच मला जास्त लागतं.

मग जिन्याचा वाद सुरू झाला. आईचं म्हणणं, जिना घरातूनच पाहिजे. "वरचं मानूस येता-जाता माज्या डोल्यासमोर पायजे. वर कोनी आजारी पडलं, कोनी न जेवता झोपलं, मला कललं पायजे. बाहेरून जिना मंजे दुसरं घर." मुनाफभाईंचं म्हणणं, आतून जिना घेतला तर एक आख्खी खोली जाईल, आधीच खोल्या दोन. आणि माझं म्हणणं बाहेरूनच. माझं म्हणणं सगळ्यांत मोठ्याने. पोरं लूमवरून सरळ येणार, पायाला ग्रीस, तूस, चिखल. ती काय आईच्या चुलीवरून वर जाणार? बाहेरून जिना असला की गल्लीतून वर, वरून गल्लीत, घराला त्रास नाही. मी हे इतक्या तावातावाने मांडलं की बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते." नंतर मुनाफभाई आले तेव्हा बाबांनी माझंच वाक्य त्यांना ऐकवलं, पायाला ग्रीस आणि चिखल यांच्यासकट. माझी कॉलर ताठ.

आई आठवडाभर ऐकेना. ओट्याजवळ, ताटावर, टेंपो सुरू करताना, जिथे बाबा सापडतील तिथे जिना. आणि मग एका सकाळी ती गप्प झाली. म्हणजे जिन्याबद्दल गप्प. बाबा म्हणाले, "बाहेरून घेतो मग," आणि ती तांदूळ निवडत राहिली. मी तिला चिडवलं, "काय, हरलीस ना?" तिने मान वर केली नाही. म्हणाली, "हो, हरले." मला वाटलं मी जिंकले. त्या दिवशी मी आनंदाने पोरांना बाहेरून जिना येणार असं सांगितलंसुद्धा.

त्यानंतर ज्या ज्या खुणा माझ्यासमोर आल्या त्या सगळ्या मी माझ्या बाजूने लावल्या. वायरमन आला आणि भिंतीत खाच पाडताना म्हणाला, "सेठ, मीटर एक के दो?" बाबा म्हणाले दोन. मी विचारलं, दोन कशाला? तर म्हणे, "क्लासचं बिल वायलं दिसलेलं बरं." मला ते पटलं. मला वाटलं, बाबा माझ्या क्लासकडे धंदा म्हणून बघतायत, केवढा मान. मग वरच्या मोरीसाठी पाइप सोडला, ठीक आहे. पण त्याच्या शेजारी अजून एक पाइप, स्वयंपाकाच्या ओट्याच्या नळासाठी. "वर ओटा कशाला बाबा?" ते पाइपच्या तोंडाला चिंधी कोंबत होते, उंदीर शिरू नये म्हणून. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरांना प्यायला पानी नको?" मी हसले. कोणतीही शहाणी मुलगी तिथे थांबून विचार करती. मी अठरा वर्षांची होते आणि माझा बाप माझ्यासाठी घर बांधत होता. विचार कशाला करू?

आता मी शाळेत शिकवते, कल्याणला राहते. अजूनही कधी एसटीने वज्रेश्वरीच्या रस्त्याने जाते तेव्हा खिडकीतून जिने बघते. आतून जिना असेल त्या घरात एकच चूल असते. जिना बाहेरून असेल तर वर दुसरी चूल: भाऊ, सून, नाहीतर भाडेकरू. आमच्या भागात हे कोणाला शिकवावं लागत नाही, घर बघितलं की कळतं. गल्लीतल्या सगळ्यांना आमचा जिना बघून कळलं होतं. मला एकटीला कळलं नाही, कारण माझ्याजवळ ग्रीस आणि चिखलाचं कारण तयार होतं.

स्लॅब भरला त्या दिवशी आईने मटण केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, मजुरांच्या पंगती उठल्या. कॉलमच्या सळ्या वर तशाच सोडल्या होत्या, पुढच्या मजल्यासाठी, माणसाच्या छातीएवढ्या. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मातीचे छोटे बांध घातले, भाताच्या खाचरासारखे, आणि स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यात पाणी साठवायचं. ते माझं काम. कोणी सांगितलं नाही, मीच घेतलं. सकाळ-संध्याकाळ बांबूच्या शिडीवरून बादली घेऊन चढायची. वर बांध फुटला असला की हाताने माती लावायची. सळ्यांनी माझ्या दंडावर ओरखडे काढले, त्यातला एक अजून आहे. मुनाफभाई म्हणायचे, "बेटी, इतकं पाणी तर मी माझ्या घरालाही मारलं नव्हतं." पाणी भरलं की मी रस्त्याच्या बाजूला, खिडकी जिथे येणार तिथे जरा वेळ उभी राहायची. आई खालून बघायची. खूपदा बघायची. मला वाटायचं, पडेन म्हणून घाबरते.

खालच्या फळ्या आणि टेकू निघाले, गिलावा झाला, आणि शेवटी बाहेरचा जिना पुरा झाला. आमच्याकडे नव्या कशालाही नारळ फोडल्याशिवाय पाय लावत नाहीत, टेंपोला नवीन टायर घातला तरी नारळ. जिन्यालाही ठरला. सकाळची वेळ. मी न्हाऊन चांगला पंजाबी ड्रेस घातला होता, हातात ताट, त्यात हळद-कुंकू, उदबत्ती, पेढे. बाबांनी नारळ सोलून शेंडी ठेवली होती. माझी खात्री होती की नारळ मला फोडायला सांगणार, म्हणून आदल्या दिवशी मी मुनाफभाईंच्या माणसाला विचारूनही ठेवलं होतं की कुठे आपटला तर एका फटक्यात फुटतो. आप्पा आले, काकी आली, मागून कल्पेश आला, नवा शर्ट घालून. मला नवल वाटलं नाही. घरचं काम, घरची माणसं.

बाबा पहिल्या पायरीजवळ उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे लूमच्या वरच्या आवाजात, त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी लाइट गेली. तेव्हा भिवंडीत लोडशेडिंग होतं, लाइट कधीही जायची. मागचे लूम एकामागून एक थांबले, पण बाबांचा आवाज निघालेला होता, तो त्या शांततेत पूर्ण गल्लीभर गेला: "कल्पेश, यं रं, फोड नारल. तुजा जिना हाय."

तुजा. मी ताट घेऊन एक पाऊल पुढे आलेली होते. लूम चालू असते तर मला ते ऐकूच आलं नसतं, आणि कदाचित बाबांनी तसंच ठरवलं असेल, की आवाजात निभावून न्यावं. पण ऐकू आलं. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. आप्पा खूश. काकी पदर सारखा करत होती. समोरच्या ओट्यावरची शेजारीण विळीवर मासे कापत होती, तिने एकदा वर बघितलं आणि परत कापायला लागली. कोणालाच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. मुनाफभाई तेवढे खाली बघायला लागले. कल्पेशने नारळ घेतला, दोन फटके लागले, पाणी पायरीवर सांडलं. मग त्याने खोबऱ्याचा एक तुकडा तोडून माझ्या ताटात ठेवला आणि म्हणाला, "जागू, तू पन चल ना वर." मला वर चल म्हणाला. जिथे मी बादल्या वाहिल्या, तिथे.

मी ताट तिथेच पायरीवर ठेवलं आणि आत गेले. आई चुलीशी होती, ती बाहेर आलीच नव्हती. पाहुण्यांसाठी शिरा हलवत होती. लूम बंद असल्यामुळे मला हळू बोलता आलं असतं, पण येत नव्हतं.

"वर कल्पेश राहणार?"

"लग्न ठरतंय त्याचं. आप्पाच्या घरात जागा कुठं हाय तीन पोरांना?" ती शिरा हलवतच राहिली. "तुज्या बापाने आप्पाला शब्द दिलाय. मागं आपलं कोन हाय, पोरगा आपल्या दारात राह्यला तर म्हातारपनी बघंल, शेवटचं पानी पाजंल."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"मी जिन्याचं बोलनं सोडलं, त्याच्या आदल्या रातीपास्नं."

म्हणजे मी जिंकले होते त्या सकाळपासून. "मग मला का नाही सांगितलंस?"

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर ना राग ना माया, नुसती दमलेली. "तुला सांगितलं असतं तर तू पानी मारलं असतंस काय? तो स्लॅब आपल्या पन डोक्यावर हाय, जागू. कच्चा रायला तर गलनार कोनावर? आपल्यावरच."

बाबांनी मला फसवलं याचा अर्थ मी तेव्हाही लावू शकले, आजही लावते. बापमाणूस, थोरला भाऊ, मुलगा नाही, समजतं. पण आईने रोज सकाळ-संध्याकाळ मला शिडीवर चढताना बघितलं, आणि चढू दिलं, कारण स्लॅब पक्का व्हायला हवा होता. हे मी तिला माफ केलेलं नाही. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात मीच तिच्याजवळ होते, तिचं सगळं केलं, आणि तरीही केलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात.

वरचा मजला पुढे झाला. कल्पेशचं लग्न झालं, तो वर राहायला गेला, त्याची मुलं आता कॉलेजात आहेत. माणूस चांगला आहे, मी भाऊबीजेला जाते. त्याची बायको मला वर बोलावते, चहा देते, ज्या खोलीत देते ती रस्त्याकडची. मी तिथे पाच मिनिटांच्या वर बसत नाही. ती म्हणते, ताई नेहमी घाईतच असतात.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवसाची दुपार. पाहुणे जेवून गेले, लाइट आली, लूम पुन्हा सुरू झाले. बाबा वर गेले होते, स्लॅबवर. मी त्यांच्या मागून गेले, नव्या जिन्याने. पायऱ्यांवर नारळाचं पाणी वाळून मुंग्या लागल्या होत्या. बाबा सळ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधत होते, गंज लागू नये म्हणून. मला बघून त्यांना बरं वाटलं नाही, पण तेही पळणारे नव्हते.

मी म्हटलं, "तुम्ही इथे माझा क्लास म्हणाला होतात."

"क्लास काय, खाली ओटीवर चालतोच हाय ना? आता ओटी पन उंच झाली, पानी येनार न्हाय."

"फळा भिंतीत करतो म्हणालात. आखून दाखवलंत."

त्यांनी पिशवीची गाठ मारली, दात लावून सुतळी तोडली. "त्या वक्ती तसंच मनात होतं गं." आणि मग, कारखान्याच्या आवाजामुळे ओरडूनच, पण समजुतीच्या सुरात म्हणाले, "बघ जागू. माज्या मागं या घराला कोनतरी पायजे ना?"

"मी आहे की."

यावर ते हसले. चिडवायला नाही, लहान मूल काही भलतंच बोललं की हसतात तसं. "तू काय, तू तर जानार."

"कुठे?"

"आँ?"

"मी कुठे जाणार, बाबा?" तेव्हा माझं कुठेही ठरलेलं नव्हतं. एकही स्थळ आलेलं नव्हतं. डी.एड.चासुद्धा पत्ता नव्हता. टेमघर सोडून मला कुठलं गाव धड माहीत नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी घरातून जाणार हे ज्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं, त्यांना जागासुद्धा ठाऊक असेल असं मला वाटलं.

बाबा थांबले. हातात सुतळी तशीच. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, पलीकडच्या कामतघरच्या वस्तीकडे बघितलं, जणू मला ठेवायची जागा तिकडे कुठेतरी दिसेल. ते विचार करत होते. प्रामाणिकपणे करत होते, मला दिसत होतं. आणि त्यांना काही सापडेना. "जाशील कुठंतरी," ते शेवटी म्हणाले. "चांगलंच बघन मी." आणि पुढच्या सळीकडे वळले.

मी खाली आले. नवा जिना सरळ गल्लीत उतरतो, घरात नाही. खाली पाय टेकले तेव्हा मी आमच्या घराच्या बाहेर उभी होते आणि दार बंद होतं. नव्या दाराला लॅच बसवलं होतं, ओढलं की आपोआप लागायचं. जुनं दार आम्ही दिवसा कधी लावतच नव्हतो. चावी माझ्याकडे नव्हती, मला कोणी दिलेली नव्हती. मी कडी वाजवली. लूमच्या आवाजात ऐकू जाईना, म्हणून हाताने दार ठोकलं, दोनदा, तीनदा. मग आतून आईचा आवाज आला.

"कोन हाय?"

एरवी मी "मी" म्हणाले असते. त्या दिवशी मी माझं नाव सांगितलं.